विहिरीत उतरणारं यंत्र

धामणवाडी, ता. मुखेड
२२ सप्टेंबर १९८५

ती. सिंधुमावशीस,
सविनय जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. पाऊस मात्र नाही. पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात पाणी नव्हतं, लोकांनी ओल्या फडक्यानं पुसून घेतले. आई म्हणते, असं बहात्तर साली झालं होतं.

मला एक विचारायचं आहे, हसू नकोस. रोबोट, म्हणजे यंत्रमानव बनवायचा असेल तर बारावीनंतर कशाला नाव घालायचं? फिजिक्सच्या सरांना वर्गात विचारलं तर ते म्हणाले, "आधी बारावी पास हो, मग माणूस बनव." सगळे हसले. तास सुटल्यावर मात्र त्यांनी मला थांबवून घेतलं. इंजिनिअरिंगला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखा असतात, नांदेडच्या कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन म्हणूनही एक आहे, असं सांगितलं. यातली रोबोटची कुठली, ते त्यांनाही ठाऊक नाही.

लातूर जिल्हा झाल्यापासून तिथं मोठी ऑफिसं आली, बाहेरगावचे इंजिनिअर आले, असं तूच सांगितलं होतंस. तू दवाखान्यात सिस्टर, तुझ्याकडं सगळेच येतात. कुणाला तरी विचार ना. मी गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलंय, म्हणजे अजून कुठलीच वाट बंद झालेली नाही.

आई-अण्णांचा जय भीम.

तुझी,
पंचशीला

*

लातूर
६ ऑक्टोबर १९८५

चि. शीला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ड्यूटीवरच वाचलं. जिल्हा होऊन तीन वर्षं झाली. दवाखान्यावरची पाटी बदलली, खाटा होत्या तेवढ्याच आहेत, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. पण इंजिनिअर आलेत हे खरं. शिवमूर्ती म्हणून एक तरुण साहेब बिदरकडचे आहेत, नव्या कचेरीत असतात. त्यांची बायको आमच्याकडं बाळंत झाली. तिला घरी सोडताना मी त्यांना तुझा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "सिस्टर, असली शाखा आपल्याकडं नाही. अंग बनवायचं तर मेकॅनिकल, त्यात जीव घालायचा तर इलेक्ट्रॉनिक्स. पण मुलीला मेकॅनिकल नको. वर्कशॉपमध्ये लोखंड घासायला लावतात, आणि पुढं कारखानेवाले मुलींना घेत नाहीत."

आता माझं ऐक. बायॉलॉजी घेतलीस ती कशाला? मला तुला डॉक्टर झालेली बघायचंय. आमच्या वॉर्डात लेडी डॉक्टर आल्या की बायका कशा उठून बसतात, ते एकदा येऊन बघ. आपल्यातली एक पोर त्या कोटात दिसावी असं मला किती वर्षांपासून वाटतंय.

हे रोबोटचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? कॉलेजातल्या एखाद्या मुलाच्या नादानं तर नाही? असेल तर मला खरं सांग, मी अक्काला कळू देणार नाही.

तुझी,
मावशी

*

धामणवाडी
२७ ऑक्टोबर १९८५

ती. मावशीस,
जय भीम.

तुझं पत्र वाचून राग आला, म्हणून उत्तराला उशीर केला. मुलगाबिलगा कुणी नाही.

रोबोटचं मी कॉलेजच्या वाचनालयात, रविवारच्या पुरवणीत वाचलं. परदेशात म्हणे रस्त्यात बाँब सापडला की पोलीस स्वतः जवळ जात नाहीत, एक गाडी पाठवतात. तिला लांब हात असतो, डोळ्याच्या जागी कॅमेरा असतो. माणूस लांब उभा राहून ती चालवतो. बाँब उडालाच तर गाडी जाते, माणूस राहतो. ते वाचताना मला अण्णाच दिसत होते.

अण्णा विहिरीत सुरुंग लावतात हे तुला माहीत आहे, पण तू ते जवळून पाहिलेलं नाहीस. तळाला काळा पाषाण लागला की पहार चालत नाही. मग त्यात भोकं पाडायची, दारूच्या कांड्या भरायच्या, वाती लावायच्या. वाती कमीजास्त लांब ठेवतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि काठावरून मोजता येतात. लावले तितके उडाले तर ठीक. एखादा कमी भरला, तर तो खाली दगडाच्या चुरीत तसाच बसलेला असतो. कुणीतरी उतरून तो शोधायचा असतो. आमच्याकडं ते कुणीतरी म्हणजे अण्णा. दोराला धरून उतरतात. आई तेवढा वेळ विहिरीकडं पाठ करून बसते.

यंदा दुष्काळामुळं मळ्यामळ्यात विहिरी खोल करणं चाललंय. अण्णांना एक दिवस उसंत नाही.

मी गेल्या महिन्यात एक हात बनवून बघितला. बांबू, सायकलच्या ब्रेकची वायर आणि छत्रीच्या काड्या. वरून वायर ओढली की खाली बोटं मिटतात. आमच्या आडात सोडला. बोटं मिटली गं, पण त्यांत काय आलं ते वर कळतच नाही. दगड आला तरी तेवढीच ओढ, काही नाही आलं तरी तेवढीच. एकदा कळशी धरली ती इतकी आवळली की काठ चेपला, आणि आईनं मला दिवसभर सुनावलं.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. आधी अंग शिकायचं का जीव? साहेबांनी सांगितलेलं दोन्ही खरं असेल, पण मला अजून काहीतरी तिसरं हवंय असं वाटतं. काय ते सांगता येत नाही.

तुझी,
शीला

*

लातूर
२ डिसेंबर १९८५

चि. शीला,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विहिरीवरचे जखमी मी जवळून पाहिलेत, पोरी. यंदा तर महिन्याला एखादा येतोच. म्हणून तू जे म्हणतेस ते मला खोटं वाटत नाही. पण असलं यंत्र मोठमोठ्या देशांत करतात. तू मुखेडच्या वाडीत बसून किती वर्षांनी करशील? डॉक्टर झालीस तर सहा वर्षांत माणसं वाचवायला लागशील.

दुसरी गोष्ट. गेल्या रविवारी नात्यातल्या लग्नाला दाजी आले होते. मी मांडवात त्यांना मागून हाक मारली, दोनदा मारली. ते वळून न बघता पुढं गेले. जेवताना शेजारी जाऊन बसले, म्हटलं, "दाजी, शीलाला पुढं माझ्याकडं लातूरला ठेवता का?" तर म्हणाले, "हाव, जवारी तर समदीच गेली." चारचौघांत माझा प्रश्न असा उडवून लावला. माझं काही चुकलं का? मी तुला डॉक्टर हो म्हणते, याचा त्यांना राग आहे का? मोठ्या बहिणीचा नवरा म्हणून मी आजवर त्यांना उलट शब्द बोलले नाही. मनाला फार लागलंय.

तुझी,
मावशी

*

धामणवाडी
१५ डिसेंबर १९८५

ती. मावशीस,
जय भीम.

अण्णा रागावलेले नाहीत. त्यांना ऐकू येत नाही.

डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला, उजवा या उन्हाळ्यात. समोरून तोंडाकडं बघून बोललं तर निम्मं कळतं, बाकीचं ते अंदाजानं घेतात. तू ज्वारीचं विचारलंस असं त्यांना वाटलं असणार. सध्या सगळे तेच विचारतात.

त्यांनी मला कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. ती आज मोडली. तू उगाच मनात धरून बसशील, ते मला बघवेना.

मग बार कोण मोजतं, असं तू विचारशील. मी मोजते. मी कॉलेजला निघायच्या आधी नाहीतर परत आल्यावर ते बार उडवतात. मी लांब बाभळीच्या आडोशाला उभी राहते, ते माझ्याकडं तोंड करून उभे असतात. प्रत्येक आवाजाला मी एक बोट उघडते. ते विहिरीकडं बघतच नाहीत, माझ्या हाताकडं बघतात. त्यांच्या जोडीला काम करणाऱ्या नरसिंगकाकांना हे माहीत आहे. मळ्याच्या मालकांना, व्यंकटरावांना माहीत नाही. बहिऱ्या माणसाला सुरुंगाचं काम कोण देईल?

मला आधी वाटायचं, यंत्र बनवीन, मग अण्णांना उतरावं लागणार नाही. पण ते शिकायला मी नांदेडला गेले तर इथं त्यांच्यासाठी कोण मोजणार? म्हणून आता शाखेचं काही विचारू नकोस. जवळपास कुठं डी.एड.ला नंबर लागला तर बघेन. सकाळ-संध्याकाळ घरी असलं म्हणजे झालं.

तुझी,
शीला

*

लातूर
२८ डिसेंबर १९८५

चि. शीला,

रोज अशा माणसांत वावरते मी, आणि घरचा माणूस बहिरा झालेला मला कळला नाही. वर रुसून बसले.

पण तुझ्यावरही मी रागावलेय. तू तुझ्या बापाचे कान होऊन बसलीस, आणि ही गोष्ट दोघांनी मिळून लपवली. उद्या तुला ताप आला तर? एखाद्या दिवशी मोजताना कुणी हाक मारली तर? मार्चमध्ये तू पेपरला बसशील तेव्हा बोटं कोण उघडणार आहे? एवढ्या हुशार पोरीच्या हे ध्यानात येऊ नये?

दाजींना घेऊन लातूरला ये. कानाचे डॉक्टर दर गुरुवारी असतात. आणि हे काम त्यांनी सोडलं पाहिजे. अक्कालाही माझं हे पत्र वाचून दाखव.

मावशी

*

धामणवाडी
१६ फेब्रुवारी १९८६

ती. मावशीस,
जय भीम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं. मग म्हणाले, "गेलेले कान तपासून परत येत्यात काय?" काम सोडायला तयार झाले नाहीत. पण एक गोष्ट कबूल केली. माझी परीक्षा होईपर्यंत बार उडवायचा नाही. "शबुद देतो," म्हणाले. अण्णांनी दिलेला शब्द मोडल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी निर्धास्त आहे.

परीक्षेच्या काळात मुखेडला मैत्रिणीच्या घरी राहणार आहे. गावात टँकर एक दिवसाआड येतो, कधी येतच नाही. विहिरींना तर तळ दिसतोय.

तुझी,
शीला

*

लातूर
१४ मार्च १९८६

चि. शीला,

हे पत्र नरसिंगजवळ देतेय. घाबरू नकोस. विहिरीवर दाजींच्या हाताला लागलं आहे. त्यांना इथं माझ्याच वॉर्डात आणलंय. शुद्धीवर आहेत, पेज घेतात. अक्का सोबत आहे.

तू येऊ नकोस. तुझे पेपर राहिलेत ते नीट दे. दाजींचाच निरोप आहे, "पेपर टाकून आली तर तिचं तोंड बघनार न्हाई."

मावशी

*

मुखेड
१५ मार्च १९८६

मावशी,

नरसिंगकाकांना मी विचारलं, मोजत कोण होतं? ते रडायला लागले आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेले.

कुठला हात? किती लागलंय? अण्णांनी शब्द दिला होता.

मी पेपर देतेय. सोमवारी गणित आहे. पण तू मला सगळं लिहिलेलं नाहीस, हे मला कळतंय.

शीला

*

लातूर
२ एप्रिल १९८६

चि. शीला,

तुझा शेवटचा पेपर झाला. आता सगळं लिहिते. बसून वाच.

दाजींचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. उजवा डोळा गेला. डावा वाचलाय, त्यानं दिसतं. मी नरसिंगजवळ पत्र दिलं तेव्हा मला हे माहीत होतं, आणि मी ते लिहिलं नाही. तू माझ्यावर राग धर, मी ऐकून घेईन.

व्यंकटरावांच्या विहिरीला खाली ओल लागली होती. गावात टँकर फिरकला नव्हता. बायका रिकाम्या घागरी घेऊन तुमच्या दारात येऊन बसल्या. कुणी भांडलं नाही की ओरडलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. दाजी दोन दिवस त्यांच्याकडं बघत होते, तिसऱ्या दिवशी उठले. शब्द मोडला तो यापायी.

मोजायला अक्का उभी राहिली. ती कधी विहिरीकडं तोंड करत नाही, तुलाच माहीत. त्या दिवशी केलं. पाच लावले होते, तिनं पाच बोटं उघडली. पण चौथ्या बारानं एका अंगाची दरड सुटली, तिचा दणका तिनं पाचवा धरला. दाजी उतरले, चुरी सारायला लागले, आणि राहिलेला उडाला.

ऑपरेशनला मी ट्रे धरून उभी होते. डॉक्टरांनी जीव ओतून काम केलं. तरी शेवटी त्यांना देता आलं ते एवढंच, नीट शिवलेलं मनगट. तेव्हा माझ्या मनात तुझी पत्रं येत होती.

दाजींना आता समोरून बोललेलंही कळत नाही, म्हणून पाटी आणलीय. मी लिहिते, ते एका डोळ्यानं सावकाश वाचतात आणि तोंडानं उत्तर देतात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, दुखतंय का? तर म्हणाले, "चांगुणाला बोलवा." अक्का आली. तिला म्हणाले, "दरडीचा आवाज व्हता तो. म्या खाली गेल्यावर बघितलं. माझे कान असते तर म्याबी पाचच मोजले असते." अक्का पायाशी उभी होती, तशीच उभी राहिली. ती त्या दिवसापासून कुणाशी बोललेली नाही. माझ्याशीही नाही.

आता ये. उशीर करू नकोस.

मावशी

*

धामणवाडी
१८ जून १९८६

ती. मावशीस,
जय भीम.

निकाल लागला. मी कॉलेजात पहिली आले. सर स्वतः वाडीपर्यंत पेढे घेऊन आले, पण घरात कुणाला गोड खायचं सुचलं नाही. अण्णा अजून तुझ्याकडंच, आणि आई ही अशी.

आई सगळी कामं करते, पण बोलत नाही. एकदाच म्हणाली, "म्या मोजलं."

मागच्या आठवड्यात शेजारच्या मळ्यावर बार होते. मी मुद्दाम गेले. नरसिंगकाकांना एका बाजूला उभं केलं, मी दुसऱ्या बाजूला थांबले, आणि दोघांनी मनातल्या मनात मोजले. त्यांचे सहा झाले, माझे पाच. लावणाऱ्यानं सांगितलं, सहा होते, सगळे उडाले. दोन जोडून उडाले ते मला एकच वाटले. एवढे दिवस मी अण्णांसाठी मोजत होते, मावशी, आणि मला एकदाही वाटलं नाही की मी चुकू शकते.

घरी येऊन हे आईला सांगितलं. म्हटलं, "आई, माझे कान चांगले आहेत, मला सवय आहे, तरी माझं चुकलं. कानानं ते कळतच नसतं." ती मग उठून चुलीपुढं बसली, पीठ घेतलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "किती खाशील?" इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा काही विचारलं. मी दोन म्हणाले. तिनं तीन केल्या.

पुढचं ठरलंय. डी.एड. करीन. अण्णा आता काम करू शकणार नाहीत, घरात कुणीतरी लवकर कमवायला लागलं पाहिजे. इंजिनिअरिंगचा फॉर्म आणला नाही. मुदत संपत आलीय, संपू दे.

तुझी,
शीला

*

लातूर
२३ जून १९८६

चि. शीला,

तुझं पत्र मी दाजींच्या पुढं धरलं. त्यांनी वाचलं, आणि आईचं ते भाकरीचं आलं तिथं थांबून डोळा पुसला. मग शेवटचं वाचलं आणि ओरडलेच. जसं बोलले तसं लिहिते.

"आता म्या इहिरीत उतरनार न्हाई. मग ह्या पोरीला घरी कशापायी ठेवायचं? मोजायचं काय राहिलं?"

मी पाटीवर लिहिलं, ती घर चालवायचं म्हणते. तर म्हणाले, "मी मेलो न्हाई. एक हात हाय, चांगुणाचे दोन हायेत. तीन हातानं घर चालतंय. तिला म्हनावं, नांदेडला जा."

मी शिवमूर्ती साहेबांकडून फॉर्म मागवून घेतलाय. नरसिंग रविवारी दाजींना न्यायला येतोय, त्यांच्याबरोबर पाठवते. भरून स्वतः नांदेडला नेऊन दे.

मी तुला डॉक्टर हो म्हणत होते. आता म्हणणार नाही. त्या दिवशी टेबलापाशी मी जे बघितलं, ते झाल्यावर करायचं काम होतं. ते करायला आम्ही आहोत. होऊच नये म्हणून कुणीतरी पाहिजे. शाखा कुठली ते मला कळत नाही, ते तू तुझं ठरव.

तुझी,
मावशी

*

नांदेड
१० ऑगस्ट १९८६

ती. मावशीस,
जय भीम.

मला प्रवेश मिळाला. हे हॉस्टेलवरून लिहितेय. त्या दिवशी काय झालं ते तुला सविस्तर सांगते.

आई माझ्याबरोबर आली होती. मोठ्या हॉलमध्ये यादीतली नावं पुकारत होते. टेबलामागं तीन-चार प्राध्यापक होते. माझं नाव आलं तेव्हा एकानं कागद बघून आपणच ठरवलं, "इलेक्ट्रॉनिक्सला एक जागा आहे. मुली तेच घेतात. लिहू?"

मी म्हटलं, "सर, एक विचारू का? यंत्राच्या हातात काय आलंय ते यंत्राला कळलं पाहिजे. विहिरीत सुरुंग उडालाय का राहिलाय, ते माणूस न उतरता वर कळलं पाहिजे. हे कुठल्या शाखेत शिकवतात?"

मागं रांगेतली मुलं हसली. पहिल्या सरांनी घड्याळ बघितलं. पण टेबलाच्या टोकाला चन्नबसप्पा म्हणून एक वयस्कर सर होते, त्यांनी मला तिकडं बोलावलं. म्हणाले, "सुरुंगाचं का विचारता?" मी आईकडं बघितलं आणि थोडक्यात सांगितलं. सरांनी पुढ्यातली यादी बाजूला सारली.

मग म्हणाले, "हे बघा बाई, खोटं सांगत नाही. हात बनवणं मेकॅनिकलचं काम. त्याला चालवणं इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचं. पण त्याला समजणं, म्हणजे दाब किती, हादरा किती, उष्णता किती हे मोजणं, ते इन्स्ट्रुमेंटेशनचं. रोबोटला तिन्ही लागतात. तिन्ही एकत्र शिकवणारी शाखा आमच्याकडं नाही. एक घ्यायची, आणि बाकीच्या दोन वर्गांत मागच्या बाकावर जाऊन बसायचं. बसाल?"

मी म्हटलं, "बसेन."

"आणि नोकरी बहुतेक साखर कारखान्यात मिळेल. वाफेचा दाब बघत बसावं लागेल कितीतरी वर्षं."

"चालेल," म्हटलं. मावशी, गेल्या वर्षी आडात हात सोडून बसले होते तेव्हा जे तिसरं मला सांगता येत नव्हतं, त्याला नाव आहे हे मला तिथं उभं राहून कळलं. मी इन्स्ट्रुमेंटेशन लिहून दिलं. पहिल्या सरांनी परत विचारलं, "नक्की?" मी सही केली.

सामान आणायला बसनं आम्ही वाडीला परत निघालो. आईनं विचारलं, "ह्या शाखेत काय शिकवत्यात?" मी म्हटलं, "मोजायला." मग वाटलं, दुसरा एखादा शब्द वापरायला हवा होता. नरसीच्या फाट्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. शेतं तशीच, यंदाही पेरण्या खोळंबलेल्या. मग तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "नीट शिक."

वर्गात आम्ही दोनच मुली आहोत. मेकॅनिकलच्या वर्कशॉपच्या सरांना विचारलंय, ते मागं बसू देतो म्हणाले.

तुझी,
शीला

*

धामणवाडी
२३ नोव्हेंबर १९८६

चि. पंचशीलास रामकिशनचा जय भीम.

हे डाव्या हाताचं अक्षर हाय. तुझी आई खुनेनं म्हनली नरसिंगाकडून लिहून घ्या. म्या म्हनलो, माझं मीच लिहितो. चार दिवस झाले लिहून राहिलो.

औंदाबी पावसानं दगा दिला. इहिरीचं काम चालूच हाय. बार उडवायला उदगीरकडचा नवा गडी आलाय. मानूस चांगला हाय, पन घाई लई करतो.

परवा व्यंकटरावाच्या इहिरीवर गेलो. कुनी बोलावलं नव्हतं. तुझी आई हातानं नको म्हनली, मग माझ्यासंगं आली. नरसिंगबी व्हता, कोन काय बोललं ते पाटीवर लिहून दावत व्हता. बार उडाले. मला ऐकू आले न्हाईत, पायाखाली जमीन हालली ती कळली. धूर बसायच्या आत तो गडी दोर धरून निघाला. म्या आडवा झालो. म्हनलो, उद्या सकाळपस्तोर कुनी उतरायचं न्हाई. तो म्हनला समदे उडाले, म्या मोजले. म्या म्हनलो, मोजले असतील, पन एखादी वात खाली धुमसत असली तर उशिरा उडती, उतरायचं न्हाई. व्यंकटराव म्हनले, एक दिस वाया जातो. म्या बाही वर सारली. मग गड्यानं दोर खाली ठेवला.

दुसऱ्या दिशी उतरले. समदे उडालेले व्हते. व्यंकटराव म्हनले, बघा, फुकट दिस गेला. म्या म्हनलो, जाऊ द्या.

आता जिथं बार असतो तिथं मी जाऊन बसतो. आजूबाजूच्या गावातबी जातो. कुनी शिव्या देतं, कुनी च्या देतं. उतरू देत न्हाई म्हनजे न्हाई.

तू वर्गात बस, मागच्या बाकावर बस, घाई करू नको. तुझं यंत्र व्हायला किती साल लागतील ते लागू दे. तवर मी हाय.

तुझे अण्णा